शांत करून पाठवलेली माणसं

तुरुंगात तिला रुमालबाई म्हणत. समोर अर्थातच मॅडम, पाठ वळली की रुमालबाई. मुख्य दरवाज्याच्या आत पाऊल पडलं की पर्समधून घडी केलेला पांढरा रुमाल निघायचा आणि संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत तो नाकापासून वीतभरापेक्षा लांब जायचा नाही. कैदी तिला नावं ठेवत यात त्यांचं काही चुकत नव्हतं, कारण तिने मनातल्या मनात त्यांना त्याहून वाईट नावं ठेवलेली होती.

किळस ही तिची जन्माची सोबतीण. लहानपणी दूध नासलंय की नाही ते घरात आईच्या आधी हिला कळायचं. बसमध्ये शेजारचा माणूस शिंकला तर ही जागा सोडून उभी राहायची. आणि लग्न झालं ते नेमकं कवळ्या बनवणाऱ्या माणसाशी. नवरा दिवसभर लोकांच्या तोंडाचे साचे हाताळायचा, गुलाबी हिरड्या टेबलावर ओळीने वाळत ठेवायचा आणि त्याच हातांनी मजेत जेवायला बसायचा. पहिलं वर्षभर बाहेरच्या नळावर साबण लावल्याशिवाय तिने त्याला घरात घेतलं नाही. सासूबाई म्हणायच्या, देवाने हिच्या चेहऱ्यावर नाक नाही बसवलं, नाकावर चेहरा बसवलाय. त्याच सासूबाई पुढे अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं लेकाने केलं. ही दाराच्या चौकटीत उभी राहून औषधांच्या वेळा सांगायची. सासूबाईंनी आधी त्यावरही विनोद केले, नंतर करायचे सोडले.

अशा बाईने तुरुंगातली नोकरी का धरावी, हे कोडं सगळ्या नातेवाइकांना पडलेलं होतं. उत्तर साधं होतं आणि थोडं हास्यास्पदही. कॉलेजात असताना तिची अशी ठाम समजूत होती की शरीर घाण असतं आणि मन स्वच्छ. मनाला घाम येत नाही, मन ओकत नाही, मनाला पट्टी बदलायला लागत नाही. म्हणून तिने मानसशास्त्र घेतलं, चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि घरापासून एका बसच्या अंतरावर सरकारी जागा निघाली तेव्हा तिने डोळे मिटून अर्ज केला. कागदावरचं काम असेल, असं तिला वाटलं. पहिल्याच दिवशी दरवाजा उघडला आणि फिनेल, उकडलेला कोबी आणि न धुतलेली घोंगडी यांचा मिळून एक वास तिच्या अंगावर चालून आला.

तिला दिलेली खोली स्वयंपाकघराच्या मागच्या अंगाला होती. भिंती खांद्यापर्यंत हिरव्या, वर पिवळट; हिरव्या भागावर डोकी टेकून टेकून तेलकट गोल उमटलेले. टेबल जमिनीत बोल्ट मारून घट्ट बसवलेलं. खिडकीबाहेर खरकट्याची पिंपं. उन्हाळ्यात त्या पिंपांवरच्या माश्या आत यायच्या आणि आधी कैद्याच्या ओठांवर, मग हिच्या कागदांवर बसायच्या. मन स्वच्छ असतं ही समजूत या खोलीत फार दिवस टिकली नाही. समोर बसून माणसं काय काय सांगत. बायकोचा हात कुठून मोडला, शेजाऱ्याच्या लेकराला काय दाखवून आत बोलावलं. काहींना सांगताना मजा यायची आणि ती लपवण्याची तसदीही ते घेत नसत. चेहऱ्याची रेष न हलवता ऐकायचं, हे तिचं कसब. घरी गेल्यावर मात्र ती नळाखाली इतका वेळ उभी राहायची की नवरा बाहेरून विचारायचा, आत आहेस की गटारातून निघून गेलीस?

अगदी सुरुवातीला एक भेदरलेला कैदी तिच्या प्रश्नाचं उत्तर देता देता टेबलावरच भडाभडा ओकला होता. ते टेबलाच्या कडेवरून ओघळून थेट तिच्या चपलेत गेलं. चपला तिने तिथेच टाकल्या, शिपायाच्या रबरी चपला घालून घर गाठलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हातात रुमाल आला.

तर या खोलीत ती माणसं मोजत असे. मोजत असे हाच शब्द बरोबर. विद्यापीठातले एक नावाजलेले सर होते, त्यांनी गुन्हेगाराचा धोका मोजायची प्रश्नावली तयार केली होती. हा माणूस बाहेर सोडला तर पुन्हा कुणाच्या जिवावर उठेल का, ते त्या प्रश्नावलीवरून ठरायचं. कैद्याशी बोलायचं, त्याला नीट पाहायचं आणि एकेका मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन द्यायचे; जितकं वाईट दिसेल तितका आकडा मोठा. केल्याचा पश्चात्ताप दिसतो का. दुसऱ्याच्या दुःखाचा विषय निघाला की चेहरा बदलतो का. नजरेला नजर देतो का. सगळ्याची बेरीज म्हणजे धोक्याचा आकडा. आकडा ठरावीक रेषेच्या वर गेला की सुटकेचं मंडळ त्या माणसाचा अर्ज बाजूला सारायचं, आणि पुन्हा अर्ज करायला त्याला बरीच वाट पाहावी लागायची.

सर स्वतः तुरुंगात क्वचितच येत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतले ते. आले की चहात बिस्किट बुडवायचे, बोट जिभेला लावायचे आणि त्या ओल्या बोटाने एकेका कैद्याचं पान उलटायचे. रुमालबाईला त्या बोटाकडे बघवत नसे. शिवाय त्यांची बोलण्याची तऱ्हा. कैद्याला ते नमुना म्हणत. "हा नमुना छान थंड आहे," असं म्हणून खूश व्हायचे, आणि बिस्किटाचा भिजलेला तुकडा कपात पडला की त्याच बोटाने काढून खायचे. त्यांचं नाव झालं होतं ते एका निष्कर्षामुळे. मनाचा आजार असलेले गुन्हेगार इतरांपेक्षा थंड असतात, त्यांना पश्चात्ताप फारसा होत नाही, म्हणून त्यांना सोडण्यात धोका जास्त, असं त्यांनी आकड्यांनी दाखवून दिलं होतं. ते सगळे आकडे रुमालबाईच्या हिरव्या खोलीतून गेलेले. निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात तिचे आभार होते आणि तिला त्याचा अभिमान होता. मनातून तर तिला वाटायचं, बरोबरच आहे. मनोरुग्ण कैद्यांना ठेवत त्या आजारी बराकीतली माणसं समोर येऊन बसत तेव्हा त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत असे आणि डोळे शिळ्या माशासारखे. खून सांगितला काय आणि हवापाणी सांगितलं काय, चेहरा तोच. अशा चेहऱ्याला दोन दिल्याशिवाय गत्यंतर नसे, आणि ते देताना तिचा हात कधी अडखळला नाही.

त्यांच्यातलाच एक लिफ्टवाला. बाहेर असताना इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. डोक्यात आवाज यायला लागले, ते कुणाला सांगायची लाज वाटली, आणि एका सकाळी स्वयंपाकघरात चहा गाळत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बापाच्या डोक्यात त्याने मोठा पाना घातला. बाप जागीच गेला. शिक्षा झाली, तुरुंगात औषध सुरू झालं, वर्षं गेली. त्याला लवकर सोडायचा अर्ज त्याच्या मोठ्या बहिणीने केला होता. म्हणजे मेलेल्याची मुलगी आणि मारणाऱ्याची बहीण एकच. कपडे उसवून मापाला करून द्यायचं तिचं छोटंसं दुकान होतं. लग्न केलं नव्हतं. भावाला घरी आणायचं एवढं एकच तिने धरून ठेवलेलं होतं, आणि दर भेटीला ती हजर असायची. अर्ज दोनदा फेटाळला गेला होता. दोन्ही वेळा रुमालबाईच्याच आकड्याने.

तिसऱ्या मोजणीच्या आधी ही बहीण रुमालबाईला फाटकापाशी गाठून उभी राहिली. नातेवाइकांशी फाटकात बोलायचं नाही असा नियम होता आणि तो रुमालबाईला सोयीचाच वाटायचा. पण बाई वाट सोडेना. आवाज न चढवता तिने एवढंच विचारलं, "बाई, तो माझ्यापुढे ढसाढसा रडतो. बाबांचं नाव काढलं की हुंदके देतो. तुमच्यापुढे त्याला काय होतं?"

रुमालबाईने नाक मुरडलं. सगळ्यांचेच भाऊ बहिणींपुढे रडतात, हे तिने पुष्कळ पाहिलेलं होतं. डोळ्यांत हुकमी पाणी आणणारे नग तुरुंगात काही कमी नव्हते. पण हुकमी रडणारा माणूस जिथे रडून फायदा तिथे रडेल ना? ज्या खोलीत सुटका ठरते त्याच खोलीत दगड होऊन बसेल, एवढा मूर्ख कोण? दिवसभर ही शंका दातात अडकलेल्या तंतूसारखी तिला छळत राहिली, आणि शेवटी ती लिफ्टवाल्याची औषधं विचारायला दवाखान्यात गेली.

दवाखान्यात कंपाउंडर होता. गुटगुटीत, हसतमुख, तोंडात कायम वेलदोडा. त्याने कपाटाचं दार उघडून अभिमानाने गोळ्या दाखवल्या. ही सकाळची, ही रात्रीची. आणि ही वेगळी पुडी? ती विचारते तोवर त्याने सांगूनही टाकलं, की ही तुमच्यासाठी.

तिला कळलं नाही. माझ्यासाठी म्हणजे?

"म्हणजे तुमच्या मुलाखतीच्या दिवशी, मॅडम. आजारी बराकीतला कुणी तुमच्याकडे यायचा असला की सकाळी दोन जादा देतो. कशी गुमान बसतात बघा. इतक्या वर्षांत एक तरी तुमच्या अंगावर आला का?"

भेटीच्या दिवशी पण देतोस का, असं तिने विचारलं. तेव्हा तो हसला. भेटीला कशाला? बहिणी काही तक्रार करत नाहीत. आणि मग अगदी आपुलकीने, जुनी आठवण काढावी तशी, त्याने आठवण करून दिली, "तुम्हीच नाही का म्हणाला होतात? तो एक ओकला होता बघा तुमच्या चपलेत. तुम्ही इथूनच हात धुऊन गेलात आणि जाता जाता म्हणालात, यांना जरा शांत करून पाठवत जा. तेव्हापासून चुकवलं नाही कधी."

त्याने हे कौतुकाची वाट बघत सांगितलं. वाक्य तिचंच होतं. कुणीही कंटाळून बोलेल तसलं. ते बोलून ती विसरली, आणि या माणसाने ते नोकरीचं व्रत असल्यासारखं पाळलं. त्यात ना डॉक्टरची सही, ना कुणाचा हुकूम. फक्त मॅडमची मर्जी. मॅडमची चप्पल घाण होऊ नये म्हणून आजारी माणसं अर्धमेली करून तिच्यासमोर आणून बसवली जात होती, आणि मॅडम त्यांच्याकडे बघून लिहीत होती, भावना दिसत नाहीत. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे आंधळीला पदवी होती आणि पिठाचे निबंध छापून येत होते.

त्या संध्याकाळी घरी ती नळाखाली गेली नाही. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. आजपर्यंत तिला जगाची किळस यायची आणि त्यात एक प्रकारचा मोठेपणा होता. जग घाण, मी स्वच्छ. आता ती स्वतःच्या हातांकडे बघत होती आणि ते तिला बघवत नव्हते. बरं, साबणाने जाणारं हे प्रकरण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. त्यांच्या खोलीत पुस्तकं छतापर्यंत, आणि टेबलावर त्याच निबंधाच्या नव्या आवृत्तीची पानं. काहीही न लपवता तिने सगळं सांगितलं, चपलेसकट. सरांनी बोट ओलं केलं, एक पान उलटलं, आणि यात घाबरण्यासारखं काय आहे असं विचारलं. आजारी बराकीतल्या सगळ्यांनाच गोळ्या दिल्या ना? एकाला दिल्या आणि दुसऱ्याला नाही असं तर नाही झालं? मग त्यांची आपापसातली तुलना चोख आहे. आणि तुरुंगात गोळ्या द्यायच्याच असतात. आपण माणूस जसा समोर येतो तसा मोजतो.

"आपण माणूस नाही मोजला, सर," ती म्हणाली. "आपण गोळी मोजली."

सरांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. गंमत अशी की लगेच तो अत्यंत प्रेमळ झाला. तुम्ही दमलाय, असं ते म्हणाले. थोडी रजा घ्या. आणि मंडळाला कळवायचंच असेल तर जरूर कळवा, पण शांत करून पाठवा असं कोण म्हणालं, तेही मग लिहायला लागेल, नाही का? इतक्या वर्षांत किती जणांचे अर्ज त्या आकड्यांवर फेटाळले गेले, त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल याचा विचार करा. हे सगळं इतक्या मऊ आवाजात, की ते बिस्किट पुढे करतायत हे तिच्या उशिरा लक्षात आलं. तिला त्या माणसाची इतकी शिसारी आली की ती उठून चालती झाली. सगळ्यात ओंगळ गोष्ट ही होती की तो माणूस खोटं बोलत नव्हता. खापर खरोखर तिच्याच डोक्यावर फुटणार होतं, आणि फुटायला हवंही होतं.

लिफ्टवाल्याच्या मुलाखतीच्या सकाळी ती आधी दवाखान्यात जाऊन उभी राहिली. नेहमीचं औषध द्यायचं, भेटीच्या दिवशी देतोस तेवढंच, जादा एक कण नाही. कंपाउंडर दुखावला. तुमच्याच जिवासाठी सांगतोय, म्हणत राहिला. शिपायानेही दाराबाहेर न थांबता आत उभं राहायची तयारी दाखवली. तिने त्याला बाहेर घालवलं.

लिफ्टवाला आत आला आणि खुर्चीत बसायच्या आधी सगळी खोली बघत राहिला. भिंती, खिडकी, पिंपं. जणू इथे पहिल्यांदाच येत होता. या खोलीत आलं की मला झोप येते, असं तो म्हणाला. त्याला वाटायचं की खोलीतच काहीतरी आहे. हिरव्या रंगात असेल. आज का येत नाही?

तिने सांगितलं. गोळ्यांचं, दोन्ही वेळच्या आकड्यांचं, आणि ते कुणाच्या शब्दावरून झालं तेही. तो चिडेल अशी तिची अपेक्षा होती आणि चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता ऐकत होता. मग तिने बापाबद्दल विचारलं, नेहमीचाच प्रश्न, आणि माणूस आतून फुटला. ते रडणं बघायला सुंदर वगैरे काही नव्हतं. नाकातून शेंबूड वाहून वरच्या ओठावर, तिथून हनुवटीवर. लाळेच्या तारा टेबलावर. घामाचा आंबूस भपकारा. रडता रडता त्याला आधार हवा होता म्हणून त्याने समोर दिसला तो हात धरला, रुमालबाईचा, मनगटापासून, आपल्या त्या ओल्या, चिकट हातांनी. तिच्या घशाशी आंबट पाणी आलं. पुस्तकात असतं तशी किळस काही दयेने धुऊन गेली नाही. ती होती तिथेच होती. पण हात तिने काढून घेतला नाही.

रडणं ओसरल्यावर तिने त्याला धीर द्यायला सुरुवात केली. यावेळी आकडा खाली येईल. ताईने खोली तयार ठेवलीय. तुम्ही घरी जाल.

त्याने मान हलवली. नको, म्हणाला.

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण तो थांबत थांबत, प्रत्येक वाक्य तपासून बघत असल्यासारखं बोलत राहिला.

"ताई बोलायच्या आधी घसा खाकरते. बाबा तसंच करायचे. आवाज अजून येतात मला, आता हळू येतात एवढंच. मागच्या भेटीला ताईच्या जागी बाबाच बसलेले दिसले. माझा हात उठला, बाई. मी तो मांडीखाली दाबून धरला आणि रडत राहिलो. तिला वाटलं, बाबांसाठीच रडतोय."

मग हे आधी का नाही सांगितलं, असं ती विचारणार होती आणि तिने जीभ चावली. आधी सांगायला त्याला तोंड कुठे ठेवलं होतं?

"मला घरी सोडू नका," तो म्हणाला. "कुठेतरी ठेवा जिथे नीट औषध देतील. आणि ताईला हे मी म्हणालो म्हणून सांगू नका, ती खचेल. तुम्ही म्हणालात म्हणा. तुम्हाला काय, सगळे तुमच्यावर चिडलेलेच असतात."

शेवटचं वाक्य त्याने दुष्टपणाने नाही, सोय म्हणून सुचवलं. तिला हसू आलं, अगदी न शोभणारं.

अहवाल तिने स्वतःच्या हाताने लिहिला आणि मंडळापुढे स्वतः वाचला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, या माणसाला घरी सोडू नये आणि तुरुंगातही ठेवू नये. मनोरुग्णालयात हलवून त्याच्यावर नीट उपचार करावेत, आणि त्याला जोडून भेटींबद्दलची एक अट. दुसरी, आजारी बराकीतल्या सगळ्यांचे आजवरचे आकडे रद्द करून सर्वांना पुन्हा तपासावं, कारण ते आकडे गोळ्यांचे आहेत, आणि गोळ्या माझ्या शब्दावरून दिल्या गेल्या. पहिली गोष्ट मंडळाने तिथल्या तिथे मान्य केली. माणूस दुसऱ्या खात्याच्या गळ्यात पडत असेल तर कुणाला नको असतं? दुसरीवर अधीक्षकांनी चष्मा पुसला आणि सवडीने बघू म्हणाले. ती सवड अजून आलेली नाही. जादा गोळ्या बंद करण्याचा हुकूम मात्र निघाला, त्यात कारण म्हणून लिहिलं होतं, औषधांची बचत. सरांची नवी आवृत्ती ठरल्याप्रमाणे आली. आभारांतून माझं नाव काढा असं तिने कळवलं होतं. ते त्यांनी काढलं नाहीच, उलट आधीपेक्षा मोठ्या अक्षरात छापलं.

निकालाच्या दिवशी बहीण फाटकाबाहेर बाकावर बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत भावासाठी शिवलेला शर्ट. रुमालबाईला येताना बघून ती उभी राहिली. निरोप शिपायाकरवी पाठवायची पद्धत होती. रुमालबाई स्वतः गेली.

"रडला का?" बहिणीने आधी हेच विचारलं.

रडला, असं तिने सांगितलं. पोटातून रडला. बाईचा चेहरा असा काही उजळला की तिथून पळून जावंसं वाटलं. मग सुटेल ना, असं बाईने विचारलं आणि पिशवीचा बंद सोडायला घेतला.

रुमालबाईने सांगितलं. घरी नाही, रुग्णालयात. मंडळाने ठरवलं, पण लिहिलं मीच.

बहिणीचा हात बंदावर थांबला. ती रुमालबाईचा चेहरा निरखत राहिली, जणू त्यात कुठे काही सापडतंय का ते बघत होती.

"इतकी वर्षं रडत नाही म्हणून आत ठेवलंत. आता रडला म्हणून सोडत नाही?" तिचा आवाज अजूनही चढलेला नव्हता. "तुम्हाला माणसांची किळस येते, बाई. इथे सगळ्यांना माहीत आहे. माणूस कसाही आला तरी तुम्हाला चालत नाही. आज मला तुमची किळस येतेय."

उत्तर रुमालबाईच्या जिभेवर होतं. एका वाक्यात ती मोकळी झाली असती आणि ही बाई त्या वाक्याखाली आयुष्यभर दबून गेली असती. बहीण उत्तराची वाट बघत होती, आणि बोलायच्या आधी तिने घसा खाकरला.

"काहीच नाही म्हणायचं तुम्हाला?"

"येऊ दे किळस," रुमालबाई म्हणाली. "आणि आणखी एक. औषध लागू पडेपर्यंत तुम्हाला त्याला भेटता येणार नाही. तेही मीच लिहिलंय."